मारका बैल

ठाऊक असलेली गोष्ट न सांगणे हे असत्य ठरते काय, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. आमच्यापुढे तो आला तो मोटारीच्या डॅशबोर्डावरील एका पिवळ्या दिव्याच्या रूपाने, आणि तो सोडविण्यास आम्हांस जवळजवळ चार महिने लागले. त्या चार महिन्यांत जे घडले ते सांगताना संकोच वाटतो. तथापि आमच्या वाचक-कुटुंबांपैकी पुष्कळांच्या दारात आता चारचाकी उभी आहे. म्हणून सांगणे प्राप्त आहे.

सन २०२४ चा जून संपत आला होता. धाकट्या कन्येचा विवाह नोव्हेंबरात, आगमनकाळ सुरू होण्यापूर्वी, ठरला होता आणि स्वागतसमारंभासाठी तिला कोशाची करवतकाठी साडी हवी होती. ती विणून घ्यावयाची तर आंधळगावासच, असा आमच्या घरचा जुना परिपाठ. भंडाऱ्याहून तुमसरच्या दिशेने निघावे, वाटेत मोहाडी लागते, तेथून आत वळले की आंधळगाव. नावावर जाऊ नये. तेथील विणकरांच्या डोळ्यांइतके तीक्ष्ण डोळे आम्ही थोडेच पाहिले आहेत. साडीचे अंग कोशाचे, काठ सुती, आणि दोहोंच्या सीमेवर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. तीन धोटे चालवून ती साधावी लागते. एक दाता चुकला तर तो कापडावर दिसतो, गिऱ्हाइकासही दिसतो, आणि विणकर तेथेच मागे येऊन धागा उसवतो. हे येथे एवढ्यासाठी सांगितले, की ज्या वस्तूविषयी आम्हांस लिहावयाचे आहे तिचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. तिच्यातील दोष कापडावर उमटत नाही. तो एका विशिष्ट क्षणीच प्रकट होतो, आणि त्या क्षणी धागा उसवण्यास अवधी नसतो.

मौदा मागे पडल्यावर गाडीच्या डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला. वर्तुळात इंग्रजी 'एबीएस' ही अक्षरे. ब्रेक दाबून पाहिला. तो नेहमीप्रमाणे लागला. दोन पुलांवरून गेलो, एका ट्रकमागे थांबलो, काहीही वेगळे जाणवले नाही. त्यामुळे आम्ही त्या दिव्यास फारसे मनावर घेतले नाही. तथापि आंधळगावात साडीचे बोलणे आटोपल्यावर जवळच्याच एका गॅरेजात गाडी उभी केली. गॅरेज म्हणजे पत्र्याचे छप्पर, ट्रॅक्टरचे एक उघडे इंजिन, आणि तिशीतला एक मेकॅनिक. त्याच्यापाशी हप्त्याने घेतलेला एक स्कॅनर होता व त्यास तो फडक्यात गुंडाळून ठेवी.

आम्ही म्हणालो, "भाऊ, हा दिवा तेवढा घालवून द्या. आम्हांस परत नागपूरला जायचं आहे."

त्याने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "काका, दिवा इझवाचा आहे का बिमारी काढाची आहे?"

या प्रश्नाचे मोल त्या दिवशी आम्हांस कळले नाही.

त्याने प्रथम उंदरांचा संशय घेतला. हा धानाचा मुलूख. गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या तारा उंदीर कुरतडतात, आणि निम्म्या वेळा बिघाड तेवढाच असतो. चारही चाकांशी एकेक सेन्सर असतो. दातेरी किंवा चुंबकीय कड्याच्या साहाय्याने तो चाक किती वेगाने फिरते ते मोजून कळवितो. त्याने चारही सेन्सर तपासले, तारा हाताने चाचपल्या, फ्यूज पाहिला, बॅटरीचा दाब मोजला. स्कॅनर जोडून गाडी थोडी पुढे नेली; चारही चाकांचे आकडे बरोबर आले. तासाभराने तो म्हणाला की दोष बाहेर नाही, खुद्द मॉड्यूलच्या आत आहे. ते बदलावे लागेल. नवे बसविल्यावर त्यात त्याच गाडीची माहिती भरावी लागते, व ती सोय आपल्यापाशी नाही, नागपूरला करा. तासाभराच्या श्रमाचे त्याने शंभर रुपये घेतले. दिवा मात्र घालविला नाही. आम्ही पुन्हा सुचविले तेव्हा त्याने मान हलविली आणि तो ट्रॅक्टरकडे वळला.

हे मॉड्यूल काय करते ते थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण नैतिक प्रश्नाचे मूळ त्याच्या कामातच आहे. चाक फिरत असते तोवर ते रस्ता धरून असते. ते जागच्या जागी थांबले की घसरू लागते, आणि घसरणाऱ्या चाकास स्टिअरिंगची आज्ञा कळत नाही. घाबरलेला मनुष्य ब्रेकवर सारा भार टाकतो, चाके जाम होतात, आणि ज्या दिशेने गाडी जात होती त्याच दिशेने ती जात राहते. मॉड्यूलमधील इलेक्ट्रॉनिक भाग सेन्सरांचे आकडे सतत वाचीत असतो. एखादे चाक जाम होऊ लागले की त्याच पेटीतील झडपा त्या चाकावरील ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर सैल करतात, पुन्हा वाढवितात, पुन्हा सैल करतात. एका सेकंदात कितीतरी वेळा. पायाखाली पेडल थरथरते ते यामुळे. गाडी त्यामुळे दरवेळी लवकर थांबतेच असे नाही. सैल खडीवर तर कधी थोडी उशिरानेही थांबते. पण ती वळविता येते. समोर माणूस असेल तर त्यास टाळता येते. विमानांच्या चाकांसाठी अशी यांत्रिक योजना १९५० च्या दशकात वापरात आली. सन १९७८ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक प्रणाली मर्सिडीज-बेंझच्या मोटारीत बसविण्यात आली. आणि आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत ती सक्तीची झाली. आमची गाडी त्याच वर्षीची.

ही प्रणाली बंद पडली तरी साधा ब्रेक चालूच राहतो. मॉड्यूल स्वतःस बाजूस करते, पिवळा दिवा लावते, आणि गाडी पूर्वीच्या गाड्यांसारखी वागू लागते. (त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर पुढच्या व मागच्या चाकांतील दाबाची वाटणीही बिघडलेली असू शकते, किंवा ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते, अशी गाडी वाचकांनी जागची हलवू नये.) रचना उत्तम आहे, यात शंका नाही. पण मनुष्याच्या दुबळ्या इच्छाशक्तीची तीत फार मोठी सोय झाली आहे. दात दुखला तर आपण वैद्याकडे धावतो. येथे काहीच दुखत नाही.

नागपुरास आल्यावर मॉड्यूलची किंमत विचारली. ती आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून अधिक निघाली. घरात लग्न, सभागृहाची अनामत, सोनार, पत्रिका. आम्ही मनाशी म्हटले, लग्न होऊन जाऊ द्या. दरम्यान सौभाग्यवतींनी दोनदा विचारले, हा कसला दिवा? तिसऱ्यांदा विचारण्याची वेळ येऊ नये म्हणून आम्ही नागपुरातील एका गॅरेजात गेलो. तेथे कोणी दिवा की आजार असा प्रश्न विचारला नाही. डॅशबोर्ड खोलून त्या दिव्यावर आतून काळी पट्टी चिकटविण्यात आली. वीस मिनिटांचे काम. त्या गॅरेजचे नाव आम्ही येथे देत नाही. पट्टी त्यांनी चिकटविली, पण मागितली होती आम्ही.

जुलैच्या अखेरीस साडी तयार झाल्याचा निरोप आला. आम्हांस ताप होता. आमचा भाचा, तेवीस वर्षांचा, गाडी चांगली चालवितो, तो म्हणाला, "मामा, मी घेऊन येतो." आम्ही किल्ली दिली. गाडीत पेट्रोल किती आहे ते सांगितले. टोलसाठी सुटे पैसे दिले. मागचे डावे दार नीट लागत नाही, ते जोरात ओढ, असेही सांगितले. जे सांगावयास हवे होते तेवढे सांगितले नाही, आणि ते आम्ही विसरलो होतो असे म्हणण्याची सोय आम्हांस नाही. क्षणभर ओठांवर आले होते. पण ते सांगितले असते तर काळ्या पट्टीचेही सांगावे लागले असते.

रोवणीचे दिवस होते. चिखलणी करून बांधीतून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिखल सांडीत जातात. वर पाऊस पडला की रस्ता लोण्यासारखा होतो. आंधळगावाहून मोहाडीकडे परतताना एका वळणावर शाळेतून येणारी एक मुलगी सायकलसह रस्त्याच्या मध्याकडे आली. भाच्याने ब्रेक दाबला. त्याने त्या रात्री आम्हांस जे सांगितले ते शब्दशः आठवते. "मामा, मी ब्रेक पूर्ण दाबला. चाकं जागच्या जागी थांबली, पण गाडी थांबलीच नाही. स्टिअरिंग फिरवलं, तरी गाडी सरळच." गाडीची बाजू सायकलच्या मागच्या चाकास लागली, मुलगी बांधीच्या चिखलात फेकली गेली, आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले. चिखल होता म्हणून तेवढ्यावर निभावले.

भाच्याने तिला भंडाऱ्यास दवाखान्यात नेले, खर्च केला, तिच्या वडिलांपुढे हात जोडून उभा राहिला. ते शेतकरी. रागावण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, आणि क्षणभर ते रागावलेही. मग सोबतच्या माणसांकडे वळून म्हणाले, "पोरगं घाबरलं जी, त्याले काही बोलू नका." तक्रार त्यांनी केली नाही.

येथून पुढे आमचा खरा प्रश्न सुरू होतो. भाच्याने गाडी चालविणे सोडले. आमच्या बहिणीने त्यास बेजबाबदार म्हटले, मेव्हण्यांनी वेग किती होता याची उलटतपासणी केली, आणि तो प्रत्येक वेळी मान खाली घालून म्हणे की चूक माझीच. आम्ही त्या बैठकीत होतो. आम्ही चहा घेत होतो. शेतकऱ्याने दिलेली क्षमा ज्या माणसाने स्वीकारली, त्याच्याकडे ती नेण्याजोगे काही नव्हते. आणि ज्यास तिची गरज होती त्याने ती मागितलीच नव्हती. अपराधापेक्षाही हा दुसरा भाग आम्हांस अधिक जड गेला. दुसऱ्याच्या नावावर चढलेले कर्ज आपण पाहत राहावे आणि तो ते इमानाने फेडतो आहे म्हणून त्याचे कौतुक करावे, तसे काहीसे.

मनुष्याचे मन अशा वेळी मोठ्या कुशल वकिलासारखे वागते. आमच्या मनाने पहिला युक्तिवाद केला तो असा: मॉड्यूल चालू असते तरी त्या चिखलात गाडी थांबलीच असती कशावरून? हे खरे आहे. कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आम्ही आजही सांगू शकत नाही. परंतु जे सिद्ध करता येत नाही ते घडलेच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीस मिळतो, कारण तेथे न्यायाधीश दुसरा असतो. सदसद्विवेकबुद्धीपुढे आरोपी व न्यायाधीश एकच. तेथे संशयाचा फायदा स्वतःच स्वतःस वाटून घेणे शोभत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक भारदस्त होता, आणि त्यावर आम्ही बराच काळ विसंबून राहिलो. आमच्या तरुणपणी अँबेसेडर व प्रीमियर पद्मिनी रस्त्यांवर धावत. त्यांत असले काही नव्हते. आमच्या वडिलांनी आयुष्यभर तसली गाडी चालविली आणि ते पापी होते असे कोणी म्हटले नाही. मग मॉड्यूल बंद पडलेली आमची गाडी म्हणजे एक पद्मिनीच नव्हे काय? यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर पुष्कळ अंशी तसेच आहे. पण पद्मिनी चालविणारा मनुष्य पद्मिनीच चालवीत असे. तिचा ब्रेक कसा दाबावा, ओल्या रस्त्यावर तो दाबून सोडून पुन्हा कसा दाबावा, हे त्याच्या पायास ठाऊक होते. आमच्या भाच्याचा पाय दुसऱ्या शाळेत शिकला होता. संकटात ब्रेक पूर्ण दाब आणि गाडी वळव, असे त्यास शिकविलेले, आणि त्याने तेच केले. त्याने योग्य गोष्ट केली. पण ती ज्या गाडीत योग्य ठरते ती गाडी आम्ही त्यास दिली नव्हती. आणि तशी दिली आहे असा देखावा मात्र उभा केला होता.

याच सुमारास आमच्या हाती पवित्र शास्त्रातील निर्गमाचा एकविसावा अध्याय आला. दशाज्ञांच्या लगेच पुढचा हा भाग सहसा कोणी आवडीने वाचीत नाही. त्यात गुलाम, गुरे, खड्डे असल्या रोजच्या व्यवहाराचे नियम आहेत. त्यांत मारक्या बैलाचा एक नियम आहे. एखाद्याच्या बैलाने मनुष्यास शिंग मारून ठार केले तर बैल मारावा, पण धनी निर्दोष. मात्र तो बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्यास तशी ताकीद मिळालेली असेल, आणि तरीही त्याने त्यास बांधून ठेवले नसेल, तर दोष धन्याच्या माथी, आणि शिक्षाही. बैल तोच, शिंग तेच, मृत्यू तोच. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी धन्यास ठाऊक होते. आपल्या गावांतही मारक्या बैलाच्या गळ्यात लोढणे अडकविण्याची रीत होती. त्यामुळे त्यास धावता येत नसे, आणि पाहणाऱ्यासही दुरूनच कळे की या बैलापासून सावध असावे. आमच्या गाडीचे लोढणे म्हणजे तो पिवळा दिवा. आम्ही बैल तसाच ठेवला आणि लोढणे काढून टाकले.

आश्चर्य म्हणजे आपला कायदाही याच वाटेने जातो. सन १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम १९० अन्वये, ज्या वाहनातील दोष धोकादायक आहे असे वाहन सार्वजनिक जागी चालविणारा तर दोषी आहेच, पण ते चालवू देणाराही दोषी आहे. आणि त्यासाठी तो दोष त्यास ठाऊक असला पाहिजे, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे पुरे. 'मला माहीत नव्हते' हे म्हणण्याचीही सोय कायद्याने थोडी आवळली आहे. आम्हांस तर ती मुळीच नव्हती.

सप्टेंबरात एक बातमी वाचनात आली. बीएमडब्ल्यू कंपनीने पुरवठादाराकडून आलेल्या ब्रेक प्रणालीतील दोषामुळे जगभरातील सुमारे १५ लाख गाड्यांना बाधा पोहोचत असल्याचे जाहीर केले आणि त्या वर्षीच्या नफ्याचा आपला अंदाजही खाली आणला. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, ह्युंदाई व किया या कंपन्यांनी अमेरिकेत ३३ लाखांहून अधिक गाड्या परत बोलाविल्या होत्या. त्यांच्या मॉड्यूलमध्येच ब्रेक ऑइल झिरपून उभ्या गाडीस आग लागण्याचा धोका होता. गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करा, असे मालकांस कळविण्यात आले. उपाय म्हणून फ्यूज बदलून देण्याचे ठरले. त्याने विजेचा प्रवाह मर्यादेत राहतो, झिरपणे मात्र थांबत नाही. अशा उपायास पुरते म्हणावे की अपुरे, यावर वाद होऊ शकतो. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलाविण्याची तरतूद कायद्यात आली व ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. तत्पूर्वी २०१२ पासून कंपन्यांची स्वेच्छेची पद्धत होती.

या कंपन्या काही संत नव्हेत. कायद्याचा बडगा, बाजारातील अब्रू, खटल्यांची भीती, हे सारे त्यामागे असते. तरीही त्यांना लाखो अनोळखी माणसांस पत्र लिहून सांगावे लागते की आमच्या वस्तूत दोष आहे. आम्हांस एकाच माणसास सांगावयाचे होते, तो आमच्या बहिणीचा मुलगा होता, आणि तेवढे पत्र आमच्याने लिहवत नव्हते.

त्याच महिन्यात आम्ही आणखी खाली उतरलो. गाडी बदलून दुसरी घ्यावी असा विचार केला. दलालाने येऊन इंजिन सुरू केले, डॅशबोर्डावर नजर टाकली, आणि दिवे सारे ठीक आहेत असा निर्वाळा दिला. वस्तुतः किल्ली फिरविल्यावर हा दिवा दोन-तीन सेकंद लागून मालवला पाहिजे. तो मुळीच न लागणे हीच फसवणुकीची खूण. जुनी गाडी घेणाऱ्या वाचकांनी हे अवश्य पाहावे. काही लबाड तर त्या दिव्याची तार दुसऱ्या दिव्यास जोडून तोही देखावा साधतात. दलालाच्या ते ध्यानात आले नाही, किंवा त्याने येऊ दिले नाही. भाव ठरला. आम्ही दोन दिवसांची मुदत मागितली.

त्या दोन दिवसांत भाचा आंधळगावास जाऊन आला. बसने. मुलीच्या हाताचे प्लास्टर निघाले होते. तिच्या आईने त्याच्या पिशवीत लाखोळीची डाळ बांधून दिली, आणि त्यातील अर्धी तो आमच्या घरी देऊन गेला. "मामा, त्यांनी तुमच्यासाठी पण दिली. तुमची गाडी खराब झाली म्हणून त्यांना वाईट वाटतं." ती डाळ शिजली, पानात वाढली गेली. आम्ही पानावरून उठलो. सौभाग्यवतींनी कारण विचारले, तेव्हा सर्वप्रथम त्यांना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत; मग म्हणाल्या, "आधी गाडी दुरुस्त करा. मग त्याला सांगा. पण त्याला सांगितल्याशिवाय लग्नाचं पहिलं आमंत्रण जाणार नाही."

जुने मॉड्यूल घ्यावे काय, हाही प्रश्न आला. भंगारात निघालेल्या गाडीचे मॉड्यूल निम्म्याहून कमी किमतीत मिळत होते. आम्ही अशा खरेदीस सरसकट वाईट म्हणणार नाही. ज्या कुटुंबाची ऐपत तेवढीच आहे त्याने भाग क्रमांक जुळवून, नीट तपासून, विश्वासाच्या माणसाकडून घेतले तर त्यात अधर्म नाही. पण ते कोणत्या गाडीतून निघाले, ती पुरात बुडाली होती काय, हे विकणारा सांगू शकत नव्हता. एक मुका बैल देऊन दुसरा मुका बैल आणण्यासारखे ते झाले असते. शिवाय लग्नात आतषबाजी व बँड यांवर जे जाणार होते ते वाचविले, तेव्हा नव्याची किंमत जवळपास निघालीच. ही रक्कम जूनमध्येही निघाली असती.

ऑक्टोबरात नागपुरातील एका कार्यशाळेत काम झाले. आम्ही दिवसभर तेथे स्टुलावर बसून राहिलो. बॅटरी काढली. मॉड्यूलला जोडलेल्या धातूच्या नळ्या एकेक सोडवून त्यांच्या तोंडांना बुचे लावली, कारण आत कचरा जाता कामा नये. खाली फडकी अंथरली, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. नवे मॉड्यूल बसविले, संगणक जोडून त्यात आमच्या गाडीचा क्रमांक व माहिती भरली. नंतरचे काम सर्वांत वेळखाऊ. नळ्यांतील हवा चारही चाकांशी एकेक करून काढावयाची, आणि मॉड्यूलच्या पोटात अडकलेली हवा निघावी म्हणून संगणकावरून आतील पंप व झडपा चालवून पुन्हा काढावयाची. हवा दबते, ऑइल दबत नाही. बुडबुडा राहिला तर पेडल मऊ लागते. कारागीर पन्नाशीचा, अबोल. तिसऱ्या फेरीनंतर पेडल आम्हांस चांगले वाटले. त्याने दाबून पाहिले आणि चौथी फेरी केली. ती त्याने केली नसती तर जगात कोणासही कळले नसते. आंधळगावचा विणकर चुकलेला दाता उसवतो तेव्हा त्यास गिऱ्हाइकाचे भय तरी असते. या मनुष्यास कशाचे होते?

डॅशबोर्ड खोलून त्याने काळी पट्टी ओढून काढली, आमच्याकडे पाहिले, आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. काही बोलला नाही. मग एका मोकळ्या मैदानात नेऊन आम्हांस म्हणाला, "तुम्हीच दाबून पाहा." आम्ही ब्रेक पूर्ण दाबला. पायाखाली खडखड थरथर झाली, स्टिअरिंग वळविले, आणि गाडी वळली. जुलैतल्या त्या वळणावर ती अशीच वळावयास हवी होती.

त्याच संध्याकाळी आम्ही बहिणीकडे गेलो. बहीण, मेव्हणे व भाचा, तिघांस बसवून सारे सांगितले: आंधळगावचा मेकॅनिक, काळी पट्टी, किल्ली देताना ओठांवर येऊन परत गेलेले शब्द, दलाल. बहीण रडू लागली. मेव्हण्यांनी जे ऐकविले ते रास्त होते. पुढल्या रविवारी आंधळगावास जाऊन त्या मुलीच्या वडिलांसही सांगावयाचे आहे, भाच्याने केलेला खर्च त्यास परत करावयाचा आहे, आणि ते काय म्हणतील ते ऐकून घ्यावयाचे आहे, असे आम्ही म्हणालो.

भाचा एवढा वेळ गप्प होता. त्याने क्षमा केली असेही म्हटले नाही, केली नाही असेही नाही. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला आणि किल्ली मागितली. आम्ही त्याच्या मागोमाग खाली गेलो. तो जुलैनंतर प्रथमच चालकाच्या जागी बसला. अंधार पडला होता. त्याने किल्ली फिरविली, डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला, आणि तीन सेकंदांनी मालवला. त्याने इंजिन बंद केले, थोडा थांबला, आणि किल्ली पुन्हा फिरविली.